निकालाच्या दिवशीचे आंबे

आंब्याचा हंगाम आणि दहावीचा निकाल आपल्याकडे बरोबरच येतात. एकीकडे अढीतले आंबे पिकत असतात आणि दुसरीकडे घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पेढे आधीच सांगून ठेवायचे की निकाल पाहून, पहिला फोन कुणाला करायचा, शेजारणीने टक्के विचारले तर काय सांगायचे, यातच आई अर्धी होते. म्हणून आज मुरांबा आणि साखरांबा बाजूला ठेवू या आणि या निकालाविषयीच बोलू या. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

२०१९ साल. जूनची आठ तारीख. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागायचा होता आणि आमची लेक त्या वर्षी परीक्षेला बसली होती. सकाळीच मी आमरसासाठी आंबे पाण्यात टाकून ठेवले. पुऱ्यांची कणीक संध्याकाळी भिजवायची, दोन किलो पेढे ह्यांनी येताना आणायचे, असा सगळा बेत ठरला होता. नव्वदच्या खाली काही येणार नाही, हे आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरले होते.

निकाल आला ७६.८० टक्के.

मी तोंडाने काही बोलले नाही हो. अगदी शपथेवर सांगते, एक शब्दही बोलले नाही. उठले, स्वयंपाकघरात गेले, पाण्यातले आंबे काढले, एकेक करून फडक्याने पुसले आणि परत टोपलीत ठेवले. ह्यांना फोन करून म्हटले, ‘पेढे पाव किलोच आणा, देवापुढे ठेवायला.’ रात्री मुगाची खिचडी टाकली. मला वाटले, आपण किती शहाणपणाने वागलो! रागावलो नाही, टोमणा मारला नाही.

पुढच्या वर्षी जाऊबाईंचा मुलगा दहावीला होता. त्याला ब्याण्णव टक्के पडले. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, ‘पोरगा हुशार निघाला हो!’ लेक शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेच आले, की आपलीच कुठेतरी कमी पडली.

हे किती चूक होते, ते मला पुढे कधीतरी जुनी वर्तमानपत्रे रद्दीत घालताना कळले. राज्याचे दहावीचे निकाल ओळीने मांडून पाहा. २०१८ साली ८९.४१ टक्के मुले पास झाली. २०१९ साली एकदम ७७.१०. २०२० साली ९५.३०. आणि २०२१ साली ९९.९५ टक्के! आता मला सांगा, एका वर्षात महाराष्ट्रातली मुले अचानक मठ्ठ झाली आणि दुसऱ्याच वर्षी सगळी हुशार झाली, असे होईल का?

झाले होते ते असे. २०१९ च्या मुलांना दहावीची पुस्तके नवी होती आणि त्याच वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले वीस-वीस गुण काढून टाकले होते. निकाल घसरला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. शिवाय २०२० साली करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले. २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीतले शाळेतले काम यांवरून निकाल लावला.

म्हणजे तांदूळ तोच होता, माप बदलले होते. आपण दुकानदाराचे माप खोटे निघाले तर त्याच्याशी भांडतो. आणि इथे माप बदलले तर आपण तांदळालाच बोल लावला! माझी लेक आणि जाऊबाईंचा मुलगा यांत कोण जास्त हुशार, हे त्या दोन आकड्यांवरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. आणि आम्ही ते घरात, भाजी निवडता निवडता ठरवून टाकले होते.

आता दुसऱ्या टोकाला पाहा. २०२३ साली राज्यात १५१ मुलांना दहावीत शंभर टक्के मिळाले, २०२४ साली १८७ मुलांना आणि २०२५ साली २११. ही मुले हुशार असणारच, कष्टाळू तर नक्कीच. त्यांचे कौतुक कमी करायचे नाही. पण शंभर म्हणजे ‘सगळे येते’ असा अर्थ मात्र नाही. २०१० पासून सहा विषयांपैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरतात. चित्रकला, शास्त्रीय नृत्य, गायन, खेळ यांचे जादा गुण असतात ते वेगळे. नियमात आहे ते मुलांनी घ्यावे, त्यात वावगे काही नाही. आपण आयांनी एवढेच लक्षात ठेवायचे, की टक्के हा नियमांनी तयार होणारा आकडा आहे. तो मुलाच्या डोक्याचा फोटो नव्हे.

पण मैत्रिणींनो, गुण कमी पडले यापेक्षा मोठी गोष्ट मला वेगळ्याच दिवशी कळली. त्याच जुलैमध्ये मी बैठकीच्या खोलीला पडदे करायला काढले होते. दोन खिडक्या, प्रत्येक चार फूट रुंद आणि पाच फूट उंच. दुकानातल्या कापडाचा पन्हा चार फुटांचा. चुण्या चांगल्या पडायच्या तर खिडकीच्या दुप्पट कापड हवे, आणि वरखाली दुमडायला फूटभर. मी लेकीला म्हटले, ‘किती मीटर आणू गं?’ गणितात तिला एक्क्याण्णव होते बरं का!

ती कागद-पेन्सिल घेऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आई, हे कुठल्या प्रकरणातलं गणित आहे?’

मी हसले. मग हसू मावळले. हे गणित पाचवीतले आहे. एका खिडकीला दोन पन्हे, दोन खिडक्यांना चार. प्रत्येक पन्हा सहा फुटांचा. चोवीस फूट, म्हणजे साडेसात मीटर कापड पुरते. आमच्या शिंपीदादांनी हे कागदाला हात न लावता सांगितले. लेकीला गुणाकार येत होता, फुटांचे मीटर करता येत होते. पण प्रकरणाचे नाव वर लिहिलेले नसले की कुठून सुरुवात करायची, ते तिला कळत नव्हते.

आणि यात दोष शाळेचा म्हणावा तर तसेही नाही. मला आठवले, ही पोर आठ-नऊ वर्षांची असताना गॅससमोर उभी राहून विचारायची, ‘आई, दूध उतू जातं, मग पाणी का नाही गं उतू जात?’ आणि मी पोळी लाटता लाटता म्हणायचे, ‘ते परीक्षेला आहे का? नाही ना? मग सोड, पाढे म्हण.’ ‘परीक्षेला नाही ना, मग सोड’ हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवले असेल, देव जाणे. सातवी-आठवीपर्यंत तिने विचारणे सोडले. मला वाटले, मुलगी समंजस झाली.

तुमच्या घरातही हे वाक्य असेल, तर त्याकडे जरा कान द्या. परीक्षा वर्षातून दोनदा येते, हे वाक्य रोज येते.

शाळा काही चांगले करायला जाते, तेव्हाही आपण काय करतो पाहा. आपल्याकडे २०१० नंतर पहिलीपासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. नाव भारदस्त, पण हेतू साधा होता. एका लेखी परीक्षेवर मुलाला तोलू नका. ते बोलते कसे, हाताने काय करते, गटात कसे वागते, तेही पाहा. त्यासाठी प्रकल्प आले. आणि रात्री बारा वाजता थर्माकोलचा किल्ला कोण कापत बसले? आपणच! मूल केव्हाच झोपलेले आणि आई-बाबा बुरुजाला रंग देताहेत. सकाळी किल्ल्याला ‘अ’ श्रेणी मिळाली की आपल्यालाच मिळाल्यासारखी. मुलाने वाकडा किल्ला केला असता, तो पडला असता, त्याने तो परत उभा केला असता, तर त्यातून काही शिकले असते. आपण त्याची श्रेणी वाचवली आणि शिकणे घालवले.

‘ताई, तुम्हांला बोलायला काय जातं? प्रवेश तर गुणांवरच मिळतो!’ असे तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर आहे. अकरावीला कुठले महाविद्यालय मिळणार, हे दहावीच्या गुणांवर ठरते. म्हणून अभ्यास करायचा, सराव करायचा, पेपर वेळेत सोडवायला शिकायचे. गुणांना तुच्छ लेखा असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्यांची मुदत किती, तेही पाहा. बारावीनंतर डॉक्टरकीला ‘नीट’ वेगळी, इंजिनिअरिंगला सीईटी वेगळी. नोकरीत तर दहावीचे टक्के फारसे कुणी विचारत नाही. माझ्या स्वतःच्या दहावीच्या प्रमाणपत्राचा गेल्या वीस वर्षांत एकच उपयोग झाला, जन्मतारखेचा पुरावा म्हणून! गुण किती होते ते सांगायला मला ट्रंक उघडावी लागेल. पण त्या वर्षी माझ्या आईने मला काय म्हटले होते, ते मात्र शब्दन्‌शब्द आठवते. तुमचेही तसेच असेल.

गुणांशिवाय शिकणे म्हणजे काय, हे आपल्याच दोन बायकांनी फार पूर्वी करून दाखवले आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या बायकांनी मुलांना नापास ठरवले नाही. त्यांनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज आपल्या तोंडी आहे तो तिथून. मुले गुरे राखायला जातात ना, मग कुरणातच शाळा भरवू, म्हणून कुरणशाळा. शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांची साधने. पुढे १९८५ साली कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय काढले, तेही मुलाने स्वतः करून, विचारून शिकावे म्हणून. आपल्याला शाळा काढायची नाही. पण स्वयंपाकघर तर आपलेच आहे! तिथे काय करता येईल, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

१. दारातला प्रश्न बदला. मूल शाळेतून आले की ‘पेपर मिळाला का? किती पडले?’ हे पहिले वाक्य नको. आधी हातपाय धुऊ द्या, खायला द्या. मग विचारा, ‘आज गंमत कशात आली? आणि डोक्यावरून काय गेलं?’ डोक्यावरून गेलेले सांगायला मुलाला भीती वाटली नाही, की अर्धी शिकवणी घरातच झाली असे समजा.

२. उत्तरपत्रिका आली की गुणांचा कोपरा दुमडा. हो, खरोखर कागद दुमडा. आणि दोघे मिळून चुका पाहा. चूक तीन प्रकारची असते: आलेच नाही, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा घाई झाली. पेन्सिलीने शेजारी खूण करा. तीन उत्तरपत्रिका अशा पाहिल्यात की मुलाला कशाची मदत हवी ते तुम्हांला लख्ख दिसेल. बावन्न की बासष्ट, या आकड्यावरून ते कधीच दिसत नाही.

३. घराचा हिशेब मुलांना द्या. दूधवाल्याचे खाडे दिनदर्शिकेवर मांडून महिन्याचे बिल काढणे पाचवीतल्या मुलाला जमते. सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची आणि १४.२ किलो गॅस किती दिवस पुरला, म्हणजे रोजचा किती, हे सातवीतल्याला. विजेच्या बिलात एक युनिट म्हणजे हजार वॉटचे उपकरण एक तास चालणे. मग गीझर रोज किती खातो, हे नववीतल्याने सांगावे. आणि उत्तर चुकले तर चुकू द्या. बिल आल्यावर ते आपोआप कळते, तिथे लाल शाई लागत नाही.

४. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. कार्यकर्ते खेड्यांतल्या घरी जातात आणि मुलाला दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला देतात, एवढेच. २०१८ साली देशभरातल्या पाचवीतल्या सुमारे निम्म्याच मुलांना तो वाचता आला. वर्ग पुढे सरकत होता, वाचणे मागेच राहिले होते. आपण शहरातल्या म्हणून निर्धास्त राहू नका. वर्तमानपत्रातली एखादी बातमी मुलाला आजीला वाचून दाखवू द्या. आजी ‘म्हणजे काय रे?’ विचारतेच. ते त्याला आपल्या शब्दांत सांगता आले, की समजा कळले.

५. मुलाचा प्रश्न वाटीत झाकून ठेवा, फेकू नका. पोळ्या चालू असताना उत्तर देणे होत नाही, हे मला माहीत आहे. ‘आत्ता नाही, जेवताना सांग’ असे म्हणा आणि जेवताना खरेच विचारा. आपल्याला येत नसेल तर ‘मला नाही माहीत, शोधू या’ म्हणायला लाजू नका.

६. निकालाच्या दिवशीचा बेत आदल्या दिवशी ठरवा आणि तो बदलू नका. श्रीखंड तर श्रीखंड, आमरस तर आमरस. गोड हे वर्षभर केलेल्या कष्टांसाठी, टक्क्यांसाठी नव्हे. त्या दिवशी आपण होऊन कुणालाही फोन करू नका, आणि दुसऱ्यांच्या मुलांचे टक्के मुलासमोर उच्चारू नका. समजा मूल नापास झाले, तरी आभाळ कोसळत नाही. २०१५ पासून त्याच वर्षी लगेच पुन्हा परीक्षा देता येते, आणि एकदोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळण्याची सोय आहे. गुणांची शंका असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. हे सगळे निकालाच्या आधीच मुलाच्या कानावर घाला. निकालानंतर सांगितले तर ते सांत्वन वाटते, आणि काही मुले तेवढे ऐकायला थांबत नाहीत. दरवर्षी निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ज्या बातम्या येतात, त्या मी तुम्हांला वेगळ्या सांगायला नकोत. त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका.

आता माझ्या लेकीचे सांगून थांबते. अकरावीला ती पहिल्याच चाचणीत दोन विषयांत नापास झाली. या वेळी मी कोपरा दुमडला. दोघी मिळून चुका पाहिल्या. वेळ लागला, पण हळूहळू तिची गाडी रुळावर आली. आता ती नोकरीला लागली आहे. मध्यंतरी सुट्टीला आली होती. मी आंबे पाण्यात टाकत होते. ती ओट्याशी उभी होती. सहज म्हणाली, ‘आई, त्या दिवशी तू आंबे पुसून परत ठेवलेस ना, ते मी दारातून पाहिलं होतं.’

इतकी वर्षे मी समजत होते, की मी काहीच बोलले नव्हते!

मी म्हटले, ‘चुकलं गं माझं.’ ती काही बोलली नाही. सुरी घेऊन आंब्यांचे देठ काढू लागली. थोड्या वेळाने दूध तापून वर आले, तसे तिने पटकन गॅस बारीक केला आणि म्हणाली, ‘दुधावर साय धरते, आई. खालची वाफ कोंडते आणि फेस घेऊन वर चढते. पाण्यावर साय नसते, म्हणून ते उतू जात नाही. मी शोधून काढलं होतं नंतर.’

तो प्रश्न तिने जपून ठेवला होता. मीच तो सोडून दिला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा निकाल काहीही लागो, आंबे पुसून ठेवू नका. रस काढा. मुलाच्या वाटीत आधी वाढा.